मुआनाशाचं उकडलेलं बियाणं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, असं म्हणून सुरुवात करायची रीत आहे, म्हणून करतो. पण ती वर्षं संपली कधी, असं मला विचारू नका. मला ठाऊक नाही.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिक नावाचा देश आहे. त्याच्या आतल्या भागात, लाल मातीच्या मुलखात, नमितोरी नावाचं गाव होतं. तिथे शेत बापाकडून मुलाकडे जात नसे, आईकडून लेकीकडे जाई. पेरायचं बायकांनी, राखायचं बायकांनी, आणि काय पेरायचं तेही बायकांनीच ठरवायचं. ज्वारी, शेंगा, भोपळे एकाच वावरात गुण्यागोविंदानं वाढत. ज्वारी तर इतकी उंच होई की कणसं खुडायला माकडांची मनधरणी करावी लागे, असं म्हणतात.

मग समुद्रापलीकडून पोर्तुगीज साहेब आला. त्याच्या देशातल्या गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून नमितोरीनं ज्वारी उपटून कापूस लावायचा! आता काय म्हणावं? कापूस काय शिजवून खातात? पण हुकूम तो हुकूम. मुकादम आसूड घेऊन बांधावर उभा राहिला. कापूस गाड्या भरभरून किनाऱ्याकडे गेला आणि गावात चुलीवर चढवायला काही उरलं नाही. पोरं रानातली मुळं उकरून खाऊ लागली. मुआनाशा नावाची एक बाई होती, तिची धाकटी लेक त्या उपासमारीत गेली. लेकीला मूठमाती देऊन ती घरी आली तेव्हा दारात पुढच्या पेऱ्याच्या सरकीची गोणी येऊन पडली होती.

इथे साहेबाची एक चूक झाली. त्यानं गोण्या पुरुषांच्या हातात दिल्या होत्या. त्याच्या देशात शेताचा धनी पुरुष, म्हणजे इथेही तोच असणार, हे तो धरूनच चालला होता. कुणाला विचारेल तर साहेब कसला! पुरुषांनी माना डोलावल्या, गोण्या घरी आणल्या आणि रीतीप्रमाणे बायकांपुढे ठेवल्या. मुकादमाची नजर पुरुषांवर. बायकांकडे बघतो कोण?

मुआनाशानं गावातल्या बायका जमवल्या. म्हणाली, "पेरायचं म्हणतोय ना? पेरू की. पण आधी उकडू."

उकडलेल्या सरकीचा वास लपणार कसा? तर तिनं त्याच चुलीवर शेजारी ज्वारीची दारू चढवली. गाडग्याच्या तळाशी मूठभर ज्वारी राहिली होती, तिला मोड आणले, आणि त्या एका मुठीची दारू साऱ्या गावाला पुरून उरली, असं म्हणतात. मुकादमाला सगळ्यांत मोठा पोकळ भोपळा दारूनं भरून दिला. तो तिथेच घोरत पडला. सकाळी उठून बघतो तर बायका सरळ रांगेत, वाकून, निमूटपणे सरकी पेरतायत. त्यानं खूश होऊन मिशीवरून हात फिरवला.

कापूस काही उगवला नाही. दारूच्या मुठीतले चार दाणे मात्र मुआनाशानं बाजूला ठेवून रिकाम्या सऱ्यांत टाकले होते, त्यांची ज्वारी रानभर तरारली, असं म्हणतात. पुन्हा बियाणं आलं, पुन्हा उकडलं, पुन्हा पेरलं. मुकादमानं माती उकरून पाहिली. सरकी जागच्या जागी, पण कोंब म्हणून नाही. शेवटी बडा साहेब स्वतः आला. त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थू थू करत थुंकला. तेवढ्यापुरती माती कडू झाली होती. तिनं मुआनाशाची बाजू घेतली, असं म्हणतात. साहेब पुरुषभर उंचीच्या ज्वारीत उभा राहून म्हणाला, "ही जमीन नापीक. इथे काही उगवत नाही." ज्वारी त्याच्या लेखी गवत होती. नकाशावर नमितोरीभोवती राखाडी रंग फासला गेला आणि साहेब निघून गेला. त्या वर्षी गावात पोरं पोटभर जेवली.

वर्षं लोटली. साहेबाचं राज्य गेलं, नवा झेंडा लागला, नमितोरीत तीन गावचे ढोल वाजले. आसपास विहिरी झाल्या, रस्ते झाले. नमितोरीत काही नाही. का? तर नकाशावर राखाडी रंग! साहेब गेला, नकाशा तोच. म्हातारी झालेली मुआनाशा कणसांचा भारा डोक्यावर घेऊन तालुक्याला गेली. खुर्चीत आपल्याच माणसांतला अधिकारी होता. त्याची आई मुआनाशाचीच भाषा बोलायची, पण हा कचेरीत साहेबाची भाषा बोले, आणि शिपाई ती म्हातारीला उलगडून सांगे. डोक्याला हात लावायची पाळी!

"आजी, साहेब म्हणतात, तुमची जमीन नापीक आहे," शिपाई म्हणाला.

"मग हे काय तुझ्या साहेबाच्या डोक्यावर उगवलं?" तिनं भारा टेबलावर आपटला.

शिपायानं घाबरून एवढंच सांगितलं की म्हातारी कणसं दाखवतेय. साहेब म्हणाले, "ही ज्वारी. हिला पीक म्हणत नाहीत." ज्वारीच्या पेजेवर वाढलेला माणूस हा!

तेव्हा मुआनाशानं सगळं सांगून टाकलं. सरकी उकडली होती, माती सोन्यासारखी आहे, लेकरांना पाणी लांबून आणावं लागतं, एक विहीर द्या. शिपायानं उकडल्याचं तेवढं गाळलं आणि बाकीचं सांगितलं. अधिकारी उठून उभा राहिला. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "अरे वा! मग कापूस लावा. बाहेरच्या देशांना हवाच आहे. कापूस आला की रस्ता येईल, विहीरही येईल."

ये रे माझ्या मागल्या! मुआनाशाला हसावं की रडावं कळेना. ती घरी आली तर तिच्या पाठोपाठ गोण्या आल्या, आणि आल्या त्याही पुरुषांच्या हातात. गावातल्या तरण्या पोरी म्हणाल्या, "माय, लावू या का थोडा? विहीर तरी होईल." मुआनाशानं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "पाणी मी लांबून आणीन. लेकरू मला लांबून आणता येत नाही." आणि तिनं आधण ठेवलं. त्या चुलीपाशी ती बसली ती पुन्हा उठली नाही. ती चूल अजून विझलेली नाही, असं म्हणतात.

आजही पेऱ्याच्या दिवसांत नमितोरीत सरकीच्या गोण्या येतात. पुरुष त्या नमस्कार करून उतरवून घेतात. बायका ज्वारीची दारू गाळतात. गावातली सगळ्यांत थोरली बाई सरकीची पहिली मूठ उकळत्या पाण्यात टाकते आणि मोठ्यानं म्हणते, "मुआनाशा, पुन्हा आलं बघ." आलेला अधिकारी दारू पितो, ज्वारीतून वाट काढत गाडीकडे जातो आणि जमीन नापीक आहे असं कळवतो.

नमितोरीत अजून विहीर नाही. पण मुआनाशाच्या लेकीनंतर तिथलं एकही पोर भुकेनं गेलेलं नाही.