चाळीस लाल मणी आणि नियमवाली परी

जहाजं वाऱ्याला विचारून निघत आणि वाऱ्याला विचारूनच परतत, तेव्हाची ही गोष्ट. शूर्पारक बंदरातली नऊ वर्षांची सामली बाबांबरोबर समुद्रापार, दूर पूर्वेच्या सुवर्णभूमीत आली होती. बाबा मणिकार होते. लाल लाल अकीक दगडाला ते इतकं नाजूक भोक पाडत, की मुंगीनंही अंग चोरून आत शिरावं. तिथल्या गावप्रमुखानं लेकीच्या लग्नासाठी चाळीस मण्यांची माळ मागितली आणि बाबांनी शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी जहाजाच्या फळीवरून घसरून त्यांनी उजवा हात मोडून घेतला.

जहाजाचा तांडेल फार कडक होता. महिन्याभरात वारा फिरेल आणि जहाज निघेल, असं त्यानं सांगून टाकलं. माळ पुरी झाली नसेल तर बापलेकींनी इथंच राहायचं, कारण शब्द मोडला तर पुढं आपल्या जहाजांना इथं कुणी नांगर टाकू देणार नाही. परतीचा वारा वर्षातून एकदाच येई. तिकडं आई एकटी वाट बघत होती. सामलीला रडू येई, पण रडायला तरी वेळ कुठं होता? पाणी आणायचं, भात रांधायचा, बाबांना भरवायचं, आणि उरल्या वेळात सामत्यानं, म्हणजे भोक पाडायच्या टोचणीनं, मणी टोचत बसायचं. तिच्या इवल्या हातांनी एका मण्याला चार दिवस लागत.

एका सकाळी ती कापराच्या बागेतून पाणी घेऊन चालली होती. हिरव्यागार पानांत, कोळ्याच्या रुपेरी जाळ्यात काहीतरी निळं-सोनेरी लुकलुकत होतं. बघते तर बोटाएवढी परी! मोरपिशी पंखुल्या, जाईच्या पाकळीचा झगा, केसांत दवाचे मोती. चुलीवरचा भात करपणार हे सामलीला ठाऊक होतं. तरी कपाळाला आठ्या घालून तिनं घडा खाली ठेवला आणि गवताच्या काडीनं एकेक धागा सोडवला. पंखांना जराही धक्का लागू दिला नाही.

परीनं झगा झटकला आणि म्हणाली, "एक इच्छा माग. पण माझे नियम आहेत. मी कुणाला उचलून दुसरीकडं नेत नाही. मोडलेलं जोडत नाही. आणि जे मागशील, ते आधी तू दुसऱ्याला द्यायचं."

सामली वैतागलीच. घरी जाणं नाही, बाबांचा हात बरा होणं नाही, मग राहिलं काय? शेवटी ती म्हणाली, "मला मणी टोचणारे हात हवेत. पण ते आधी मी कुणाला कुठून देऊ? माझ्याकडं असते तर मागितले असते का?"

"ते तुझं तू बघ," परी म्हणाली आणि पानावर पाय हलवत बसली.

भात करपलाच. करपलेला भात खाताखाता सामलीनं विचार केला. हात देता येत नाहीत, पण हातातली विद्या देता येते. शेजारच्या झोपडीत मेलुर नावाची तिच्याएवढी मुलगी होती, आणि मेलुरला तीन भाऊ होते. बाबांना विचारलं तर ते भडकले. आपली विद्या घराबाहेर देत नाहीत, सात पिढ्यांत कुणी दिली नाही, असं त्यांनी ऐकवलं. सामली म्हणाली, "बाबा, मग सात पिढ्यांना बोलवा मणी टोचायला."  तेव्हा बाबांनीच डाव्या हातानं सामत्यांची पिशवी पुढं सरकवली.

दगड होते पंचेचाळीस, म्हणजे जास्तीचे पाचच. मेलुर आणि तिचे भाऊ हौसेनं कामाला लागले. दोरीच्या धनुकलीनं सामता गरगर फिरू लागला, लाल भुकटी उडू लागली, आणि भोक आरपार जाताना मणी टचकन फुटला. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत चार फुटले. सामलीनं डोक्याला हात लावला. "अगं, इतकं सोपं कसं जमत नाही तुम्हाला?" ती ओरडली. मेलुरचे डोळे भरून आले.

सामलीला लाज वाटली. तिनं मेलुरचा हात धरला, शेजारी बसली आणि स्वतः टोचू लागली, हळूहळू, दाखवत. अर्ध्यात तिच्या बोटांनी दगड आपसूक उलटा केला आणि ती थबकली. हे तर तिनं सांगितलंच नव्हतं! मणी अर्धा एका बाजूनं टोचायचा, मग उलटवून दुसऱ्या बाजूनं, नाहीतर शेवटच्या दाबानं कड फुटते. मणिकारांच्या घरात हे कुणी शिकवत नसे. भाकरी उलटावी तसा तो उलटला जाई. मेलुरचे लोक मात्र बांबू आणि शिंपले एकाच बाजूनं आरपार टोचत.

"चूक माझीच होती गं," सामली म्हणाली.

मग काय विचारता! आधी मेलुर शिकली, मग भाऊ, मग भावांचे सवंगडी. सकाळी हात, दुपारी हात, अंगणभर इवले इवले हात. बाबा डाव्या हातानं दाखवत, चुकलं की चिडत आणि जमलं की हसत. वारा फिरला त्या सकाळी चाळीस मणी सूर्याचे तुकडे वाटावेत तसे लखलखत होते. गावप्रमुखानं माळ लेकीच्या गळ्यात घातली.

सामली कापराच्या बागेत परीकडं धावली. "तुझ्या नियमांनी जीव नकोसा केला माझा," ती म्हणाली. "आता तरी देतेस का हात?"

"मोज," परी हसून म्हणाली.

सामलीनं वळून पाहिलं. सामानाची गाठोडी इवल्या इवल्या हातांत उचलून मेलुरसकट अख्खं अंगण तिला पोचवायला निघालं होतं. ती परत वळली तेव्हा पानावर नुसता निळा-सोनेरी उजेड होता, आणि तोही झुळझुळत विरून गेला.

पुष्कळ दिवसांनी शूर्पारकचा किनारा दिसला. आई गुडघाभर पाण्यात उभी होती. "इतका उशीर करतात का? माझ्या जिवाचं काय झालं असेल, कळतं का तुम्हाला?" ती रागावून म्हणाली.

सामलीला सांगायचं तर खूप होतं. पण तिनं जहाजावरून थेट पाण्यात उडी घेतली आणि आई रागावत असतानाच तिच्या गळ्याला मिठी मारली.