नदीकडचे दार

एकदा एका नदीने आपली वाट बदलली. नद्या असे करतात, आणि करताना कुणाला विचारत नाहीत. काठावर पिढ्यानपिढ्या वसलेल्या गावाच्या अंगणांपर्यंत आधी पावसाळ्यात पाणी येऊ लागले. पुढे हिवाळ्यातही ते मागे हटेना. काठाची ढासळती दरड एकेक घर पोटात घेऊ लागली. शेवटी पंच बसले, आणि सगळे गाव उठून वरच्या माळावर राहायला गेले.

त्या गावात एक वृद्ध आचार्य होते. लोक त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्यापाशी लहानपणापासून शिकलेला आणि आता स्वतःच चाळिशी ओलांडलेला एक शिष्य मठाचा सारा कारभार पाहत असे. शिष्याच्या वडिलांना गाव आबा म्हणून ओळखे. आबांनी जन्मभर नदीच्या पात्रातल्या वाळूत टरबुजे आणि काकड्या पिकवल्या. पाणी ओसरले की वाळूत खड्डे घ्यायचे, खत घालून बी लावायचे, आणि उन्हाळाभर पहाटे उठून घागरीने वेलांना पाणी घालायचे. वय झाले, नजर अधू झाली, तरी हा नेम चुकला नाही. बायको गेली त्या वर्षीही तो चुकला नव्हता.

गाव उठले तेव्हा शिष्याला एकाच गोष्टीचा घोर होता. या वयात आबांना हे सोसेल का? रात्रंदिवस विचार करून त्याने ठरवले की आबांना बदल जाणवूच द्यायचा नाही. जुने घर सोडण्याआधी त्याने दोरी घेऊन भिंती मापल्या. दार कुठे, कोनाडा कुठे, पागोट्याची खुंटी जमिनीपासून किती उंच, पाण्याचा रांजण दारापासून किती हातांवर, सारे टिपून घेतले. चौकट, कवाडे, कडी, इतकेच काय उंबऱ्याचा झिजलेला दगडही गाडीत घालून वर आणला. माळावर घर उभे राहिले तेव्हा बघणारे तोंडात बोट घालत. आत पाऊल टाकले की आपण काठावरच्या घरात आहोत असेच वाटे.

"मुलगा असावा तर असा," लोक म्हणाले. शिष्य नम्रपणे हसला. मनातून त्यालाही तसेच वाटत होते.

आबा नव्या घरात आले, बाजेवर बसले, इकडे तिकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. चांगले नाही, वाईट नाही. शिष्य त्यालाच समाधान समजला.

थोड्याच दिवसांनी एका पहाटे आबा नेहमीसारखे उठले. अर्ध्या झोपेत हात लांबवून खुंटीवरचे पागोटे घेतले, रांजणातले पाणी तोंडावर मारले, कडी काढली, उंबरा ओलांडला आणि सवयीने उजवीकडे वळले. जुन्या घरी उजवीकडे नदीचा उतार होता. इथे उजवीकडे दगडाची खाण होती. सारे गाव बांधायला तिथलाच दगड काढला होता. आबा पहिल्या कपारीतच अडकले म्हणून वाचले. गुडघा सोलवटला, खांद्याला मुका मार बसला.

शिष्य हादरला. त्या दिवसापासून तो रात्री दाराला बाहेरून साखळी घालून ओसरीवर झोपू लागला. "आबा, मी हाक मारल्याशिवाय उठायचं नाही हं," त्याने बजावले. आबांनी मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मग ते दिवसाही तसेच पडून राहू लागले. जेवण अर्ध्यावर आले, मग चतकोर भाकरीवर. वैद्य येऊन गेले. नाडी पाहून म्हणाले, "रोग काही नाही. पण असंच चाललं तर हा माणूस पावसाळा काढायचा नाही."

शिष्य मठात गेला. गुरुजी ओट्यावर बसून कपाळाला हळद लावत होते. नव्या मठात आल्यापासून त्यांच्या कपाळावर एक टेंगूळ उतरायच्या आत दुसरे येत होते.

"पुन्हा धडकलात?" शिष्याने विचारले.

"कोठीची चौकट बुटकी आहे. काल ती जिंकली, आज पुन्हा तीच जिंकली," गुरुजी म्हणाले. "तू बोल. तुझं तोंड का उतरलंय?"

शिष्याने सारे सांगितले. गुरुजी उठले, काठी घेतली आणि त्याच्याबरोबर चालू लागले.

घरी आबांची सून, म्हणजे शिष्याची बायको, दाराशीच उभी होती. "बरं झालं तुम्ही आलात, गुरुजी. पुढ्यात ताट ठेवलं की म्हणतात भूक नाही. पिठलं केलं, भूक नाही. शेंगदाण्याची चटणी केली, भूक नाही. आता मीच भाकरी होऊन ताटात बसायचं राहिलंय."

गुरुजी हसले आणि आत गेले. आबा बाजेवर पडले होते. गुरुजींनी चहूकडे नजर फिरवली, कोनाड्यात हात घालून पाहिला, खुंटी चाचपली. मग म्हणाले, "आबा, जरा उठा बरं."

आबा उठले. गुरुजींनी बाज फिरवून उशाकडचे टोक पायथ्याशी केले. खुंटीवरचे पागोटे काढून खाली ठेवले आणि खुंटी हलवून हलवून भिंतीतून उपसली. शेवटी, शिष्य पुढे सरसावायच्या आत, बाजेलगतचा अर्धा भरलेला रांजण तिरका करून गोल गोल फिरवत दाराच्या उजवीकडून पार समोरच्या कोपऱ्यात नेला. थकून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "झालं. आता निजा."

आबा मुकाट्याने निजले. थोड्या वेळाने आबांना तहान लागली. त्यांनी न बघताच हात लांबवला. हात हवेत फिरला आणि भिंतीवर आपटला.

"रांजण कुठे गेला?" आबांनी विचारले.

कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला प्रश्न होता. पण शिष्याच्या ते ध्यानात आले नाही. त्याचा संयम सुटला.

"गुरुजी, क्षमा करा, पण हा कसला खेळ? एवढ्या कष्टानं मी यांच्यासाठी घर होतं तसं उभं केलं. अंधारातसुद्धा यांना हवं ते हाताला लागावं म्हणून बोटाचाही फरक पडू दिला नाही. आणि तुम्ही एका घटकेत सगळं उलटंपालटं केलंत! या वयात यांना छळून काय मिळवायचंय?"

गुरुजींनी त्याला खाली बसवले.

"तुझी आई गेली, तेव्हा तिचं लुगडं दुसऱ्या कुणाला नेसवून तू आबांपुढे बसवलं असतंस का?"

"असं कसं विचारता, गुरुजी!"

"मग घराचं तसं का केलंस? उशी तीच, खुंटी तीच, रांजण तोच, कडीचा आवाजही तोच. हे सगळं मिळून दर पहाटे आबांना सांगतं की चल, बाहेर नदी आहे. बिचारे पाय विश्वास ठेवतात. उंबरा ओलांडला की नदी नसते. आपली नदी एकदाच गेली. आपण रडलो आणि माळावर चुली मांडल्या. यांची मात्र रोज पहाटे नव्यानं जाते, कारण या घरानं यांना ती गेल्याचं अजून सांगितलेलंच नाही."

शिष्य खाली पाहू लागला. गुरुजींचा आवाज मऊ झाला.

"तुझी माया खोटी नाही. पण म्हाताऱ्या माणसाला नवं काही शिकता येत नाही, हे तू परस्पर ठरवलंस. माझ्या कपाळाकडे बघ. रोज धडकतो. पण आता कोठीपाशी आलो की मान अर्धी तरी लवते. महिन्याभरात पुरती लवेल. तू माझ्यासाठी जुनीच चौकट बसवली असतीस, तर टेंगूळ आलं नसतं, आणि नवा मठही मला कधी ओळखीचा झाला नसता."

तेवढ्यात बाजेवरून खाकरल्याचा आवाज आला. आबा उठून बसले होते.

"गुरुजी, तुमचा चेला शहाणा आहे," ते म्हणाले. "खुंटीची उंची मोजली, उंबऱ्याचा दगड मोजला. पण एकदा तरी मला विचारलं का, की आबा, दार कुठं हवं?"

सुनेने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की दुसरे काही, ते तिलाच ठाऊक.

"मी आता विचारतो," शिष्य कसाबसा म्हणाला. "कुठं हवं, आबा?"

आबा उभे राहिले. भिंतीला हात लावत ते सावकाश निघाले. एका भिंतीशी थांबले, कान दिला, पुढे गेले. दुसऱ्या भिंतीला तळवा लावून पाहिला. शेवटी मागच्या भिंतीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. जुन्या घरी त्या बाजूला गोठा होता. तिथे दार असण्याचा प्रश्नच नव्हता. पण इथे त्या भिंतीपलीकडे नव्या वस्तीची गल्ली होती. कुणीतरी शेळीला शिव्या घालत होते. दोघी जावा कांडता कांडता भांडत होत्या.

"इकडं माणसं आहेत वाटतं," आबा म्हणाले.

"आहेत ना, मामंजी," सून म्हणाली. "सगळी आपलीच. भांडण ऐकूनच ओळखा कोण ते."

"मग इथं पाड."

शिष्याने पहार आणली. आपल्याच हाताने जीव लावून रचलेली भिंत फोडताना पहिल्या घावाला त्याचा हात जड झाला. दुसऱ्या घावाला माती सुटली, मग दगड सुटला, आणि भोकातून उन्हाचा कवडसा आत आला. संध्याकाळपर्यंत माणूस जाईल एवढी वाट झाली. निघालेल्या दगडांनी शिष्याने खाणीकडचे दार बुजवून टाकले.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. आबा बुजवलेल्या दारापाशी जाऊन उभे राहत आणि मग चडफडत परत फिरत. एकदा तांब्या लवंडला, दोनदा बाजेच्या खुराला ठेचकाळले, आणि दर वेळी त्यांनी मुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात आपणही येतो हे विसरून. सगळे पुन्हा होते तसे करावे असे शिष्याला कितीदा वाटले. गुरुजींकडे पाहून तो गप्प राहिला. मात्र नव्या दाराला त्याने रात्रीची साखळी लावली नाही.

एका सकाळी मात्र तो लगबगीने मठात आला.

"गुरुजी, काय सांगू! काल सकाळपासून नुसती कटकट चालली आहे. म्हणतात, दार फार अरुंद केलंस. म्हणतात, दुपारचं ऊन थेट ताटात येतं, तुला अक्कल आहे का? शेजारचा म्हातारा गप्पांना येतो, तर त्याला बसायला ओटा नाही. ही म्हणते, पूर्वीचे गप्प आबाच बरे होते. सारखी घराला नावं ठेवतायत."

गुरुजींचा चेहरा उजळला. "मग आबा राहायला आले म्हणायचे."

हुबेहूब जुन्यासारख्या बांधलेल्या घराला आबांनी एका शब्दाने नावे ठेवली नव्हती, आणि ते आपण समाधान समजलो होतो, हे शिष्याला आठवले. गुरुजींच्या पायांवर डोके ठेवून तो घरी परतला.

आबा नव्या दारात उभे होते. दाराबाहेर जमीन एकदम खाली होती, आणि त्यांचा पाय अंदाज घेत होता.

"इथं एक पायरी लागेल," शिष्य म्हणाला. दगड कुठला घ्यावा, केवढा घ्यावा, हे त्याच्या मनात आधीच ठरून गेले होते. तो बोलायला गेला, थांबला, आणि आबांपुढे उकिडवा बसला.

"किती उंच हवी, आबा?"

आबांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला, उजवा पाय थोडा उचलला आणि हवेत तसाच धरला.

"इतकी," ते म्हणाले.

शिष्याने त्या पावलाखाली आपला तळवा धरला.