कोमट पाणी

“पण माझं चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा, माताजी.”

माताजी म्हणजे मठाच्या प्रमुख भिक्षुणी. पुढ्यात सुपभर सोयाबीनच्या शेंगा होत्या, त्या सोलत राहिल्या.

विचारणारा माणूस साधासुधा नव्हता. प्राध्यापक कुरोसे. तोक्योहून आगगाडी, मग बस आणि मग डोंगराची चढण, असा तो भिक्षुणींच्या या लहानशा मठात येऊन पोचला होता. स्त्रियांच्या हक्कांवर त्याची व्याख्यानं जगभर गाजत. बायकांना मान देण्यात जपान जगात किती मागे आहे, हे तो इतक्या कळकळीनं सांगे की सभेत बायका डोळे पुसत.

आणि त्याचीच बायको, सवाको, महिन्यापूर्वी घर सोडून या मठात येऊन राहिली होती.

“मी कधी तिच्यावर हात उगारला नाही,” कुरोसे म्हणाला. “आवाजसुद्धा चढवला नाही. कुठे जायचं तिथे जा, हवं ते शीक, असंच म्हणत आलो.”

“मग गेली की.”

कुरोसेला ते लागलं. पण गरज त्याची होती, त्यानं गिळून टाकलं.

“जाताना काही बोलली?” माताजींनी विचारलं.

“एकच गोष्ट विचारली. मी जिनिव्हाची परिषद आटोपून घरी आलो, अंघोळ करून जेवायला बसलो. तर म्हणाली, ‘आज पाणी कसं होतं?’”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, नेहमीसारखंच. छान कढत. ... सकाळी उठून बघतो तर घरात नाही!”

माताजींचे हात थांबले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंग उचलली.

“ती उद्या सकाळी काय ते सांगणार आहे,” त्या म्हणाल्या. “तुझ्याबरोबर यायचं की नाही ते. आजची रात्र इथे राहा. पाणी तापलंय, अंघोळ कर. पाहुण्याचा मान पहिला.”

जपानी अंघोळीची रीत इथे सांगायला हवी. अंग बाहेर घासूनपुसून स्वच्छ करायचं आणि मग कढत पाण्याच्या खोल हौदात गळ्यापर्यंत बसायचं. पाणी सगळ्यांना मिळून एकच. आधी घरचा कर्ता, मग मुलगे, मग बायका, सगळ्यांच्या शेवटी सून. आपल्याकडच्या पंगतीसारखंच म्हणा ना.

कुरोसे ताठ बसला. त्याला एकदम काहीतरी उमगल्यासारखं झालं.

“नाही माताजी. आज मी शेवटी जाईन. सगळ्यांच्या नंतर.”

हे तो अगदी मनापासून बोलला, हे खरं. आणि पुढच्या व्याख्यानात हा प्रसंग कुठे घालता येईल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं, तेही खरंच.

“बरं,” माताजी म्हणाल्या.

तो ओसरीवर बसून राहिला. डोंगरातली थंडी, अंगात शहरी कोट. एकेक भिक्षुणी जाऊन येत होती. आतून तांब्याचा, पाण्याचा आवाज येई. त्याची बोटं बधिर झाली.

मग सवाको आली. ओले केस पंच्यात गुंडाळलेले. त्याच्यासमोरून जाताना ती वाकली... अनोळखी माणसाला वाकून नमस्कार करावा, तशी. आणि निघून गेली.

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याची पाळी आली तेव्हा चुलीतली लाकडं विझून राख झाली होती. तो हौदात उतरला. पाणी कोमट होतं. गढूळसर. वर एक केस तरंगत होता.

त्याला घर आठवलं. आईची शिस्त कडक. त्याची आणि त्याच्या मुलाची अंघोळ झाली की आई पाण्याखालचा गॅस बंद करायला लावी. बायकांसाठी कशाला जाळायचा, म्हणे. हे त्यानं कितीदा तरी ऐकलं होतं. कढत पाण्यातून नुकता उठलेला माणूस, त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तो कुडकुडत बाहेर आला. माताजी दाराशी दिवा घेऊन उभ्या होत्या.

“कळलं, माताजी,” तो म्हणाला. “शेवटी असणं म्हणजे काय, ते आज कळलं.”

“असं?”

“हो. आज मी शेवटचा होतो.”

माताजींनी दिवा उचलला आणि त्याला पुन्हा आत नेलं. दिवा हौदावर धरला. पाणी तसंच होतं. कडेला मळाची रेघ दिसत होती.

“हे कोण बघणार?” त्यांनी विचारलं.

कुरोसेनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

पन्नाशी उलटली होती, पण घरी रात्री टबातलं पाणी कोण सोडतं, हा प्रश्न त्याला आयुष्यात कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी टब लखलखीत असे. त्याला वाटे, टब तसेच असतात.

माताजींनी दिवा खुंटीला अडकवला आणि त्या निघून गेल्या.

कुरोसेनं बाह्या सरसावल्या. बूच सापडेना. चाचपडत सापडलं, ते ओढताना कपड्यांसकट भिजला. पाणी गेल्यावर काथ्याचा ब्रश घेऊन तो हौदात उतरला. उभ्यानं घासता येईना. वाकून येईना. शेवटी गुडघे टेकले.

गुडघ्यांखाली लाकूड टणक होतं. जरा वेळानं ते दुखू लागले.

आणि घासता घासता त्याचा हात थांबला.

एकदा दोघं समुद्रावर गेली होती. सवाकोनं किमोनो जरा वर धरला होता, लाट पायावर घ्यायला. तो हसून म्हणाला होता, “अगं, तुझे गुडघे असे काळे कशानं झाले?” तीही हसली होती. तिनं किमोनो खाली सोडला होता, आणि पुन्हा कधी पाण्यात उतरली नव्हती.

हौदात बसून कुरोसे रडला. अगदी लहान पोरासारखा, हुंदके देत. मग नाक पुसून त्यानं उरलेली बाजू घासली. कोपरे घासले. वरून चांगलं पाणी ओतलं आणि हौद पुसून कोरडा केला.

बाहेर आला तेव्हा माताजी पायरीवर बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. हात लाल झाले होते, नखांत काथ्या अडकला होता. तोंडावर मात्र खूप दिवसांनी काहीतरी हलकं झाल्याची कळा होती.

“माताजी... एक मागू?”

“माग.”

“सकाळी ती काय ते ठरवणार. त्याआधी तिला एवढं सांगाल? की आज हौद मी घासला म्हणून.”

माताजींनी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. पाणी झटकलं. तो खिळ्याला नीट टांगला.

“ती रोज घासायची,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तुला कोण येऊन सांगत होतं?”