हाकेच्या टेकडीवर गवत का उगवत नाही

विद्यापीठाच्या कला विभागामागे एक बोडकी टेकडी आहे. श्रावणात भोवतालचा सगळा माळ हिरवा होतो, हिच्यावर मात्र गवताचे पातेसुद्धा उगवत नाही. पदवीची तीन वर्षे पुरी करून चौथे, ऑनर्सचे वर्ष करू पाहणाऱ्या मुलामुलींचा प्रवेश याच टेकडीवर होतो. प्राध्यापक वर उभे राहतात, मुले पायथ्याशी. ज्या प्राध्यापकाने ज्या मुलाचा प्रबंध सांभाळायचा, त्याने त्याला सगळ्यांच्या देखत नाव घेऊन हाक मारायची. हाक आली की मूल वर चढते आणि त्याचे वर्ष सुरू होते. बाहेरगावचे आईबाप हे बघून चक्रावतात. खिडकीवर एका सहीने होणारे काम उन्हात कशाला, असे विचारतात. मग इथली जुनी माणसे त्यांना लिंबाखाली बसवतात आणि कोळप्यांच्या गिरजेची हकिगत सांगतात.

गिरजा मेंढपाळाची लेक. तिचा बाप भिवा कोळपे याच माळावर मेंढरे राखायचा. त्या काळीही ऑनर्सला बसायचे तर आपल्या विषयात साठ टक्के गुण लागत, प्रबंधाचा विषय ठरलेला लागे आणि एका मार्गदर्शकाची संमती लागे. गिरजेचे गुण साठाच्या पुष्कळ वर होते. विषयही तिचा तिनेच शोधला होता: मेंढक्यांच्या हाका. पाण्यावर न्यायची हाक वेगळी, कळप वळवायची वेगळी, चुकलेल्या कोकराला बोलवायची वेगळी. या हाका जाणणारी म्हातारी माणसे एकेक करून चालली होती. त्या कागदावर उतरवाव्यात, एवढेच तिच्या मनात होते.

विभागप्रमुख विद्वांस सर विषय ऐकून खूश झाले. "वा! लाग कामाला," म्हणाले. "सहीचं काय, ती होईल."

ती आठल्ये बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "अगं, सरांनी वा म्हटलंय ना? मग झालं की. लाग कामाला."

गुळवणी सरांनी तर तिला समोर बसवून चहा पाजला. तिथेही सही झाली नाही. नाही असे कुणीच म्हणाले नाही. शिकलेल्या माणसाच्या तोंडून नाही सहजी निघत नाही, आणि गिरजेला तर ते हो असेच ऐकू आले.

दिवाळी झाली की भिवाचा कळप दरसाल चाऱ्यासाठी खाली कोकणात उतरायचा. त्या साली गिरजा म्हणाली, "आबा, तुम्ही जावा. मी ऱ्हाते एकली."

"एकली कुठं ऱ्हाशील?" भिवा म्हणाला. "आन तुला हाका सांगायला कोण हाय हितं? ती मास्तरं? त्यास्नी शेरडू आन मेंढरू वेगळं वळखाया येत न्हाई."

तो हसला आणि राहिला.

वर्षाची घडी अशी होती की पहिल्या सहामाहीत दोन पेपर, दुसऱ्या सहामाहीत प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा. गिरजा तासांना पहिल्या बाकावर बसली. दोन्ही पेपर तिने दिले. हजेरीत तिचे नाव नव्हते, पण विचारले की "पुढे घालू" असे उत्तर मिळे. दुसऱ्या सहामाहीत ती बापामागून माळावर हिंडली आणि हाका लिहीत गेली. माळावरचा चारा माघातच संपला. मेंढरे बसली की उठेनात. भिवा मेलेले मेंढरू टेकडीमागे पुरून यायचा आणि तिने विचारले की म्हणायचा, "तू लिही."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. गिरजा धुतलेले लुगडे नेसून प्रबंध छातीशी धरून आत गेली. परीक्षकांनी विचारले, "हिचे मार्गदर्शक कोण?"

विद्वांस सरांनी आठल्ये बाईंकडे पाहिले. "बाई, तुमची ना ही?"

"माझी? मला वाटलं, गुळवणींची."

"छे छे, मी नुसता चहा दिला."

असे ते बोलले म्हणे, आणि थोडे हसलेसुद्धा. वाईट माणसे नव्हती ती. प्रत्येकाला खरोखरच वाटले होते की दुसऱ्याने तिला घेतले आहे. परीक्षक म्हणाले, मार्गदर्शक नाही म्हणजे प्रवेश नाही, प्रवेश नाही म्हणजे परीक्षा नाही. प्रबंध कुणी उघडला नाही. आठल्ये बाई हळूच म्हणाल्या, "पुढल्या वर्षी नव्याने अर्ज कर हं."

बाहेर भिवा घोंगडी अंथरून बसला होता. "झालं का गं?" त्याने विचारले.

पुढल्या वर्षाला द्यायला बापाकडे कळप उरला नव्हता, हे गिरजेला ठाऊक होते. ती तशीच टेकडीवर चढली. तेव्हा टेकडीवर गुडघ्याएवढे कुसळी गवत होते. विद्यापीठाचे म्हणून राखलेले, तिथे मेंढरू फिरकू देत नसत. वर उभे राहून तिने प्रबंध उघडला आणि लिहिलेली एकेक हाक मोठ्याने मारू लागली. पाण्याची मारली, वळवायची मारली. शेवटी चुकलेल्या कोकराची मारली.

आणि मेंढरे आली, असे सांगतात. भिवाची उरलेली चार हाडकुळी आधी आली. मग टेकडीमागून मेलेलीही आली, अंगावर माती घेऊन. त्यांचा आवाज नव्हता, नुसती धूळ उठत होती. ती चढली आणि चरू लागली. गवत संपले तेव्हा मुळे खाल्ली, मुळे संपली तेव्हा माती चाटली. मास्तर मंडळी खिडकीतून बघत उभी राहिली. खाली यायला सांगावे, तर तिला कोणी सांगायचे, हेच त्यांना कळेना. दिवस मावळला तेव्हा वर खडक तेवढा उरला होता. गिरजा नव्हती, मेंढरे नव्हती. भिवा घोंगडी खांद्यावर टाकून कोकणच्या वाटेने एकटाच निघून गेला.

पुढच्या वर्षापासून नियम झाला. सही नको, हाक हवी, तीही वरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. ज्याला हाक येत नाही ते मूल रडत घरी जाते. पण पहिल्याच दिवशी जाते, वर्ष घालवून जात नाही. सगळ्या हाका झाल्या की शेवटची हाक गिरजेच्या नावाने मारायची, असेही तेव्हाच ठरले. ती कुणी मारायची, तेवढे ठरवायचे राहून गेले.

आजही सगळी मुले वर चढून झाली की टेकडीवर शांत होते. प्राध्यापक एकमेकांकडे बघतात. वारा मात्र तिथे सुटलेलाच असतो. मग कुणीतरी रुमालाने मान पुसतो, कुणी म्हणतो, "चला, ऊन फार झालं," आणि सगळे खाली उतरतात.