खालच्या डोहाचे पाणी

डोंगराच्या उतारावरून एक ओढा जंगलात शिरत असे, आणि तो जिथे थकून पसरत असे त्या सगळ्यात खालच्या डोहाशी एक पाणकोंबडी राहत असे. मुलांनो, तुम्ही पाणकोंबडी पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल की तिला स्वस्थ बसणे जमत नाही. दोन पावले चालायचे, शेपटी झटकायची, मान वळवून मागे बघायचे, पुन्हा दोन पावले. त्या वर्षी तर तिच्या जिवाला घोर लागला होता. तिच्या पाच पिलांपैकी एक चार दिवसांपूर्वी मेले होते, आणि दुसऱ्याला मान धरवत नव्हती.

कारण डोहातच होते. पाण्यावर पिवळट फेस येत होता, मासे कुशीवर पडून तरंगत होते, बेडकांचा आवाज बंद झाला होता. हे कुठून आले तेही सगळ्यांना माहीत होते. ओढ्याच्या मधल्या वळणावर रानडुकरांनी एक नवा उद्योग काढला होता. गेळ नावाच्या काटेरी झाडाची फळे ती दगडावर ठेचत आणि तो चोथा अंगाला चोळून पाण्यात लोळत. त्याने गोचीड मरते. बातमी पसरली तसे गवे आले, सांबरे आली, जंगलाचा मुखिया म्हातारे अस्वलही आले. कित्येक वर्षांनी त्याचे कान खाजायचे थांबले, त्यामुळे ते रानडुकरांवर फार खूश होते. अंग धुऊन झाले की ही सगळी मंडळी वर जात आणि वरच्या डोहाचे पाणी पीत. तिथे गेळाचा थेंबही पोचत नसे. खाली काय पोचते हे बघायला वळणाच्या खाली कुणी पाऊलही टाकले नव्हते. कशाला टाकतील?

खालच्या मंडळींनी गाऱ्हाणे नेले नाही असे नाही. शेजारचा ससा दोनदा जाऊन आला होता. सभा दर आठवड्याला वरच्या डोहाकाठी भरत असे, आणि तिचा एक जुना रिवाज होता. तक्रारदार लांबून, उन्हातून येतो, म्हणून आधी त्याने पाणी प्यायचे आणि मगच बोलायचे. तो प्यायल्याशिवाय सभेतल्या कुणीही पाण्याला तोंड लावायचे नाही. ज्या कुणा पूर्वजाने हा रिवाज घातला तो भला प्राणी असला पाहिजे. पण अस्वलाचा सल्लागार कोल्हा होता, आणि त्याने त्या भलेपणाचाच फास केला होता. ससा धापा टाकत पोचला आणि पोटभर प्यायला. मग त्याने पाणी खराब झाल्याचे सांगताच कोल्ह्याने मोठ्या गोडीने विचारले, की आता जे प्यायलास ते कसे होते? चांगले होते, असे ससा म्हणाला. खोटे कसे बोलणार? ओढा तर एकच आहे, मग तक्रार कसली, असे म्हणून कोल्ह्याने सभा संपवली. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. ससा बिचारा खाली मान घालून परत आला.

तेव्हा पाणकोंबडी स्वतः निघाली. उरलेली चार पिले तिने सशाच्या हवाली केली. ती दहादा निघाली आणि दहादा परत फिरली. आजारी पिलाच्या अंगावर तिने ओले गवत नीट केले आणि मग मागे न बघता चालू लागली. तिचे पंख लांबच्या उडीचे नव्हते, म्हणून जवळजवळ सगळी वाट तिने चालूनच काढली. ऊन वैशाखाचे होते. वरच्या डोहाशी ती पोचली तेव्हा तिचा घसा कोरडा पडला होता आणि सभा भरलेली होती.

“ये बाई,” अस्वल म्हणाले. “आधी पाणी पी.”

ती काठावर गेली आणि तिने चोच खाली नेली. पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे दिसत होते. तिच्या डोहाचा तळ दोन महिन्यांत कुणी पाहिला नव्हता. इकडे गोटे मोजता येतात आणि तिकडे माझी पिले मरतात, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला भयंकर राग आला. तिने चोच वर घेतली.

“मी हे पाणी पिणार नाही,” ती म्हणाली. “हे मला रोज मिळत नाही.”

सभेत कुजबुज झाली. आजवर असे कुणी केले नव्हते. ओढा एकच आहे, हे कोल्ह्याने तिलाही ऐकवले.

“एकच आहे ना? मग मी माझ्या टोकाला पिईन,” ती म्हणाली. “सभेने तिथवर चालावे.”

अस्वलाला ते काही पटले नाही. सभा खाली कधी गेली नव्हती, आणि त्याचे गुडघेही दुखत होते. त्याने तिला गोडीने सांगितले, मग दरडावले. ती ऐकेना. ती काठावर इकडून तिकडे येरझारा घालत राहिली, पण पाण्याला शिवली नाही. आणि ती पीत नाही तोवर दुसऱ्या कुणाला पिता येईना! सूर्य डोक्यावर आला. गवे शेपट्या आपटू लागले. सांबरांनी ओठ चाटले. रानडुकरे आपसात गुरगुरू लागली. कोल्हा हळूच सरकत पाण्यापाशी गेला, पण सगळ्यांचे डोळे वळलेले बघून मासे न्याहाळत असल्याचा आव आणून परत आला. गव्यांच्या कळपातले एक लहानसे वासरू तहानेने हंबरू लागले, आणि त्याच्या आईला ते ऐकवेना. पाणकोंबडीलाही ऐकवत नव्हते, कारण ती स्वतः आई होती. एकदा तर तिचे पाय आपोआप पाण्याकडे वळले. पण आता प्यायलो तर आपणही सशासारखेच परत जाऊ, हे तिला कळत होते. ती पुन्हा येरझारा घालू लागली.

शेवटी अस्वलाचीच जीभ टाळूला चिकटली. “चला,” ते उठत म्हणाले, “हिच्या टोकाला एक घोट घेऊ आणि हे एकदाचे मिटवू.”

सगळे उतरू लागले. मधल्या वळणाशी फळांच्या सालींचा खच पडला होता आणि दगड पिवळे पडले होते. अस्वल तिथे रोज येत असे, तरी हे त्याने कधी पाहिले नव्हते. वळण मागे पडले आणि वास सुरू झाला. पुढे पुढे तो इतका वाढला की कोल्ह्याने बोलणेच बंद केले.

डोहाशी ससा उभा होता. त्याच्याजवळ तीन पिले होती. चौथे गवतावर निजवलेले होते, आणि ते आता उठणार नव्हते. पाणकोंबडीने पिलाला चोचीने एकदा हलवून पाहिले. मग ती त्याच्याभोवती फिरू लागली, एक फेरी, दुसरी, तिसरी. तिला थांबता येत नव्हते. रडायलाही तिला उसंत नव्हती, कारण सभा आलेली होती आणि ती केव्हाही परत गेली असती.

ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. “मी प्यायला तयार आहे,” ती म्हणाली. “मी प्यायले की रिवाजाप्रमाणे तुम्हीही प्या.”

तिने चोच बुडवली आणि एक घोट घेतला. मागे कुणी हलले नाही. फक्त त्या वासराला तहान अनावर झाली होती. ते आईच्या पायांतून निसटून थेट पाण्याकडे धावले. त्याचे तोंड पाण्याला लागणार तेवढ्यात आईने धावत येऊन त्याला कपाळाने असे ढकलले, की ते चिखलात कोलमडले आणि रडू लागले.

“नको रे बाळा,” ती घाबऱ्या आवाजात म्हणाली. “ते पिऊ नकोस.”

हे सगळ्यांनी ऐकले. पाणकोंबडी त्या आईकडे वळली. तिच्या आवाजात राग उरला नव्हता.

“तुम्ही तुमच्या बाळाला बाजूला ढकललंत, बाई. मी माझ्या पिलांना कुठे ढकलू?”

कोल्ह्याने काही बोलायला तोंड उघडले, तर अस्वलाने त्याला पंजानेच गप्प केले. मग ते म्हातारे अस्वल त्या गवतावरच्या पिलाजवळ गेले. आपण रोज इतक्या सुखाने कान धूत होतो आणि ते पाणी इथे येत होते, हे त्याला आज समजले होते, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिथेच हुकूम केले. गेळाचा चोथा ओढ्यात जाता कामा नये. ज्याला अंग चोळायचे असेल त्याने डोंगराच्या पलीकडे खड्डा खणावा. आणि खालचे पाणी निवळेपर्यंत खालच्या सर्वांनी वरच्या डोहावर येऊन राहावे, त्यांना कुणी अडवू नये. रानडुकरे कुरकुरली, पण वासराची आई त्यांच्यासमोर शिंगे खाली करून उभी राहिली, तेव्हा ती मुकाट्याने खड्डा खणायला गेली.

पाणकोंबडी त्या एका घोटाने आठ दिवस आजारी होती. तीन पिले जगली. खालचा डोह लगेच काही निवळला नाही. दोन पावसाळे गेले तेव्हा कुठे मासे परतले, आणि जे गेले ते गेलेच. “आता तरी स्वस्थ बस,” असे ससा तिला म्हणाला, पण ती दर चार दिवसांनी मधल्या वळणापर्यंत चालत जाऊन दगड बघून येत असे. पलीकडचा खड्डा लांब होता आणि ओढा जवळ होता, हे ती विसरली नव्हती.

तात्पर्य : पाणी चांगले की वाईट, याचा निवाडा ते जिथे शेवटी पोचते तिथे जाऊन करावा, आणि जे आपण आपल्या लेकराला पाजणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराकडे वाहू देऊ नये.