घाटावरची पाळी

पूर्वी मकरपट्टण नावाच्या बंदरात एक भला राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. नाव सोमदत्त. गलबत मोठं, मन त्याहून मोठं, आणि बोलणं मात्र अगदी मोजकं.

त्या बंदराची एक रीत होती. जो आधी आला तो आधी घाटाला लागायचा. पुढच्याला ओलांडून कुणी होडी घातली, तर तो त्याचा अपमान समजला जाई. ऐकायला किती न्यायाची रीत! पण बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. लहान होड्या ओहोटीतही त्यावरून सहज जात; जड गलबताला पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरतीच लागे. जड गलबत पुढे असलं की मागचे सगळे ताटकळत आणि हमाल घाटावर हातावर हात ठेवून बसत. राजाला वाटे, हमाल कमी पडतात. म्हणून तो बिचारा दरवर्षी हमाल वाढवी.

एकदा ज्येष्ठातल्या पौर्णिमेला सोमदत्तांचं खजुराने भरलेलं गलबत रांगेत पहिलं होतं. दुपारच्या भरतीला ते आत जाणार आणि रिकामं होईपर्यंत तीन दिवस घाट अडवणार. मागे बारा होड्या. त्यात सगळ्यांत पुढे बकुळा नावाच्या म्हातारीची होडी, विड्याच्या पानांच्या करंड्यांनी भरलेली. पुरात तिचं घर गेलं होतं. एक पानमळा उरला होता, त्याची सगळी खुडणी त्या होडीत होती, आणि पानं दोन दिवस उन्हात होती. म्हातारी करंड्यांवर पाणी शिंपडत होती आणि पानांना समजावत होती, धीर धरा गं, पोहोचलोच आपण. सोमदत्तांना ते ऐकू आलं.

त्यांनी घाटाधिकारी पुंडरीकाला बोलावून सांगितलं, या बारा होड्यांना आधी जाऊ दे. पुंडरीक नियमाचा पक्का, पण माणूस मायाळू. त्याने परोपरीने समजावलं. पाळी सोडणाऱ्याला रांगेत शेवटी जावं लागतं. आजची भरती चुकली की पुढची मोठी भरती पंधरा दिवसांनी, आणि तोवर वारं फिरलेलं असणार. उघड्या समुद्रात भरल्या गलबताची धडगत नव्हती.

"ठाऊक आहे मला," सोमदत्त म्हणाले. "पण पुंडरीका, माझ्या हाती पंधरा दिवस तरी आहेत. आजींच्या पानांकडे उद्याचा दिवसही नाही."

होड्या एकामागून एक आत गेल्या. हमालांना कधी नव्हे ते पोटभर काम मिळालं. संध्याकाळपर्यंत बाराही होड्या रिकाम्या झाल्या आणि बकुळेची पानं ताजी असतानाच विकली गेली. इकडे दुपारी भरती आली आणि ओसरूनही गेली. खरं सांगायचं तर सोमदत्तांना भीती वाटत होती. गलबतावर एकोणीस खलाशी होते, आणि त्यांच्या घरी वाट पाहणारी माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकाम्या होड्या घरी जायला निघाल्या आणि गेल्या कुठे, तर थेट गलबताभोवती. पुढे बकुळा.

"बाबा, तुमचं थोडं ओझं आमच्या होड्यांत टाका," ती म्हणाली. "गलबत हलकं झालं की वर येईल. मग आजचं पाणीही पुरेल."

सोमदत्त नको नको म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण! दुपारपर्यंत बाराही होड्या खजुराने भरल्या. गलबत दीड हात वर उचललं गेलं आणि भरतीबरोबर दांड्यावरून अलगद आत आलं. एवढे गंभीर सोमदत्त, पण त्यांना रडू आवरेना.

पुंडरीकाने सगळी हकीकत राजाच्या कानावर घातली. त्या दिवसापासून मकरपट्टणात पाळी पाणी पाहून लागू लागली, मोठ्या भरतीला जड गलबतं आणि एरवी लहान होड्या, आणि होते तेच हमाल पुरू लागले.

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारातल्या भिक्षूंसमोर तो जन्म या जन्माशी जुळवला. म्हणाले, "तेव्हाचा पुंडरीक म्हणजे आपला हा भिक्षू आनंद. बकुळा म्हणजे विहारात रोज पाणी भरून ठेवणारी ही वृद्ध उपासिका. होड्यांतली माणसं म्हणजे तुम्ही सगळे, आणि सोमदत्त मी होतो. त्या जन्मी मी दिली ती एवढीशी पाळी. पण भिक्षूंनो, तेही दानच होतं. आणि मला तारायला आलात ते तुम्हीच."