शेवटचे कडवे

“…मग शेवटच्या कडव्यात मी ओरडते आहे, ती कशासाठी?”

मंदाकिनीबाईंनी कानांवरचा हेडफोन काढून चटईवर ठेवला. आपटला नाही, पण प्रद्योतला तो आपटल्यासारखाच वाटला.

बाईंचा गळा केव्हाच गेला होता. त्यांच्या गाण्याची तीस वर्षांपूर्वीची एकच ध्वनिफीत उरली होती. उद्या सकाळी ती डिजिटल रेडिओवरून ऐकवायची होती. मात्र बाईंच्या होकारावाचून नाही, असे केंद्रप्रमुखांनी प्रद्योतला बजावले होते.

“ओरडत नाही, बाई. हळू आवाज प्रोसेसरनं उचलला, मोठा दाबला. सगळं एका पातळीत आणलं.”

“पातळीत! गवंडी आहेस का तू?”

प्रद्योतच्या कानशिलांत रक्त चढले. सात वर्षे तो याच बाईंपुढे बसून गाणे शिकला होता. बारा दिवस त्या फितीला चिकटून होता. ध्वनीच्या कामात त्याच्या तोडीचा माणूस साऱ्या शहरात नव्हता, हे यांना कोणी सांगायचे?

“लोक आता बैठकीला येऊन ऐकत नाहीत, बाई! कानांत बोंडं घालून बसमध्ये ऐकतात, भाजी निवडताना ऐकतात. शेवटच्या कडव्यातलं तुमचं ते कुजबुजणं त्यांच्यापर्यंत पोहोचायचंच नाही.”

“न पोहोचो.”

“न पोहोचो कसं? अर्ध्या मिनिटात दुसरं केंद्र लावतील! तुमचं नाव राहावं म्हणून राबलो मी… आणि तुम्ही मलाच बोल लावता!”

संतापाने बाईंच्या नाकपुड्या थरथरत होत्या…

“एकदाच काय ते सांगा. ऐकवायचं की नाही?”

बाईंचे ओठ हलले.

“काय?”

पुन्हा हलले. तितकेच हळू.

प्रद्योत चडफडत उठला. त्याने पंखा बंद केला. तरी ऐकू येईना. रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली. खिशात मोबाइल वाजू लागला, त्याचा गळा आवळला. मग बाईंच्या अगदी पुढ्यात येऊन, मांडी घालून, श्वास रोखून बसला.

…

बाई त्याच कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या,

“पंखा बंद कर, असं मी तुला सांगितलं होतं का रे?”